त्या दिवशी मी दौंडला होते

माझे वडील दौंडला रेल्वेच्या लोको शेडमध्ये खलाशी, म्हणजे इंजिनांवरचे मदतनीस होते. आम्ही बौद्ध. बाबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव गेले आणि त्यांच्याबरोबर भुतंखेतं, अंगात येणं, दृष्ट काढणं हेही सगळं गेलं. लहानपणी आम्ही भावंडं बाभळीत काहीतरी दिसलं म्हणून धावत घरी आलो, तर बाबा हातात कंदील द्यायचे आणि म्हणायचे, "जा, बघून ये." मी जाऊन बघून यायचे. काही नसायचं.

या पेजवर लोक भुताखेतांचे अनुभव लिहितात, ते माझी नात मला फोनवर वाचून दाखवते. बरेचदा मला वाटतं, सांगणारा अर्धवट झोपेत असेल, नाहीतर आधीच घाबरलेला असेल. मी सांगणार आहे त्यात कोणी झोपेत नव्हतं. भर दिवसा, उन्हाळ्याच्या उजेडात घडलं, आणि घाबरलं म्हणाल तर कोणीच नाही. म्हणूनच इतकी वर्षं सांगावं की नाही ते ठरत नव्हतं... मी बोलतेय, नात टाइप करतेय.

सन त्र्याहत्तर. दुष्काळाचा उन्हाळा. मी नर्सिंगचा दोन वर्षांचा कोर्स करून शिरूरजवळच्या एका आश्रमात नोकरीला होते. शिरूरहून न्हावऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गावापासून तीनेक मैलांवर पत्र्याच्या दोन लांब खोल्या. एक बायकांची, एक पुरुषांची. मधे अंगण, पलीकडे स्वयंपाकघर. ज्यांना बघणारं कोणी नाही अशी म्हातारी माणसं तिथं ठेवत. एकूण एकवीस जण, त्यातले नऊ अंथरुणाला खिळलेले. संस्थेचं नाव लिहीत नाही, आता ती नाहीही.

मी रुजू झाले तेव्हा मी धरून सात माणसं कामाला होती. मी नर्स, चार आया, स्वयंपाकाला जनाबाई, आणि पुरुषांना आंघोळ घालायला, पाणी भरायला गुलाबभाई. गुलाबभाई शिरूरचेच, पन्नाशीचे, शांत माणूस. दुष्काळ पडला तशा दोन आया पाझर तलावाच्या कामावर गेल्या. तिथं घरची सगळीच राबत होती, त्यांना दोष देत नाही. तिसरी बाळंतपणाला माहेरी गेली ती परत आलीच नाही. चौथीच्या नवऱ्याला साखर कारखान्यावर काम मिळालं. मार्चमध्ये उरलो आम्ही तिघं.

माणसं कमी झाली की आधी काय कमी होतं, ते बाहेरच्याला कळत नाही. जेवण कमी होत नाही, औषधं कमी होत नाहीत. ती दिसतात ना. आधी नखं वाढतात. मग दिवसाआड पुसलं जाणारं अंग आठवड्यातून एकदा पुसलं जातं. मग केस. बायकांच्या केसांत उवा झाल्या, विंचरायला वेळ होईना, म्हणून मी एका दुपारी बसून सहा जणींचे केस कात्रीनं बारीक कापले. त्यातल्या एकीनं नंतर दोन दिवस पदर डोक्यावरून काढला नाही. आणखी एक सांगते, जे मी त्या वेळी कोणालाच सांगितलं नव्हतं. चार वाजल्यानंतर मी खिळलेल्या माणसांना पाणी कमी द्यायला लागले. चहा तर बंदच केला. रात्री अंथरूण ओलं झालं तर बदलणार कोण? एक म्हातारी ओठ चाटत माझ्याकडं बघायची आणि मी दुसरीकडं बघत पुढं जायचे.

अंबूआजीनं केस कापू दिले नाहीत. अंबूआजी कवठे येमाई गावची. उजवी बाजू लुळी पडलेली, जीभ मात्र शाबूत. पहिले काही महिने तिनं मला अंगाला हातच लावू दिला नव्हता. माझी जात तिला ठाऊक होती आणि ते ती तोंडावर बोलायचीही. मग पाठीला जखम झाली — बेडसोअर म्हणतात तो, अंगठा बुडेल एवढा — आणि ती धुवायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं, तेव्हा पाठीपुरती तिची हरकत गेली. डोक्याची राहिली. केसांचा मागच्या बाजूला घट्ट गुंता झाला होता, मुठीएवढा.

खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची असते. ती बदलली की रजिस्टरात वेळ लिहून सही करायची. खरं सांगायचं तर दोन तासांचे चार झाले होते, चारांचे सहा. मी जेव्हा बदलायचे तेव्हाचीच वेळ लिहायचे. संस्थेच्या सेक्रेटरींना ते आवडत नसे. त्यांना सगळे अण्णा म्हणत. वाईट माणूस नव्हता, पण आया मिळत नाहीत हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, आणि ते म्हटलं की विषय संपायचा.

एप्रिलमधल्या एका सकाळी सात वाजता कोंडिबा आबा मोरीत पडले. त्यांना धरून न्यायला कोणी नव्हतं, हाक मारून थांबले आणि मग एकटेच गेले. खुब्याचं हाड. शिरूरचे डॉक्टर सायकलवर येऊन बघून गेले आणि म्हणाले, दौंडला न्या, तिथं एक्स-रे आहे. जवळच्या एका बागाईतदारानं जीप दिली. आबांचा पाय हलू नये म्हणून एकानं पाय धरायचा, एकानं खांदे. म्हणजे गुलाबभाई आणि मी, दोघांनाही जावं लागणार.

मी जनाबाईला म्हटलं, "तुम्ही एकट्या. जमेल तेवढंच करा. पाणी पाजा आणि जेवण भरवा, बस्स."

जनाबाई म्हणाली, "बाई, एकवीस जनांचा सैपाक माझ्या बोडक्यावर हाय. भरवनार कवा?"

साडेआठला आम्ही निघालो. अंबूआजीची जखम त्या सकाळी धुवायची राहिली. औषधाच्या कपाटाला कुलूप लावलं, किल्ल्या नेहमीसारख्या कमरेला खोचल्या.

दौंडला पोचलो तर लाईट नव्हती. डॉक्टर म्हणाले, आली की फोटो काढू. व्हरांड्यात आबांना बाकावर निजवून आम्ही बसलो. आमचं घर तिथून जवळ, कोणीतरी आईला सांगितलं असावं. अकराच्या सुमाराला ती भाकरी आणि पिठलं घेऊन आली. शेडचा भोंगा झाला होता तेव्हा नुकताच, म्हणून वेळ लक्षात आहे. आईनं आबांना स्वतः चार घास भरवले. मला म्हणाली, "तू खा की." मी भाकरी गुलाबभाईंपुढं सरकवली. डोक्यात वॉर्ड होता. आता ही ओली झाली असेल, आता त्याची कूस बदलायला हवी होती, आता अंबूआजीच्या जखमेवर माश्या बसत असतील. एक-एक खाट डोळ्यांसमोर येत होती. गुलाबभाई म्हणाले, "बाई, इथं बसून काय होनार हाय? सोडा." पण मला सोडता येत नव्हतं. चक्कर आली नाही, डोळा लागला नाही. नुसती बसून होते, आणि गुलाबभाई माझ्या शेजारी होते.

लाईट दोनला आली. फोटो काढला, आबांना तिथंच ठेवून घेतलं. पुढं दीड महिन्यानं ते परत आले, पण चालले नाहीत. एक्स-रेच्या चिठ्ठीवर नातेवाईक म्हणून माझी सही घेतली, त्यावर वेळ घातली होती. तीन वाजता निघून आम्ही पाचला आश्रमात आलो.

जीपमधून उतरताना पहिलं दिसलं ते अंगणातली तार. तारेवर चादरी वाळत होत्या. आठ-नऊ तरी असतील. मला वाटलं, गावातून कोणी बायका मदतीला आल्या. बरं वाटलं.

बायकांच्या खोलीत गेले. वास नव्हता. ज्यांनी अशा ठिकाणी काम केलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. उन्हाळ्याच्या दिवसात, संध्याकाळी पाचला, त्या खोलीत वास नव्हता. खिळलेल्या पाचही जणी पुसलेल्या, पावडर लावलेल्या, कोरड्या चादरीवर, डाव्या कुशीवर. पाठीला उशीचा टेका. नखं कापलेली. पुरुषांच्या खोलीत चौघांचं तेच. एकाची दाढीसुद्धा केलेली.

अंबूआजीच्या केसांचा गुंता सुटला होता. तेल लावून घट्ट वेणी घातली होती, ती खांद्यावरून पुढं घेतलेली.

मी म्हटलं, "आजी, कोण आलं होतं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "कोन म्हंजी?"

"वेणी कोणी घातली?"

"तू घातलीस की. येडी का काय."

मला वाटलं, तिचं डोकं फिरलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईला विचारलं. ती म्हणाली, तुम्हीच तर दिवसभर होता. तिसरीला विचारलं. पुरुषांच्या खोलीत विचारलं. तिथं एक रिटायर शाळामास्तर होते, लुळे पण बुद्धीनं लख्ख. ते म्हणाले, "सिस्टर, तुम्ही आज माझी दाढी केलीत. हात हलका आहे तुमचा. फक्त बोलत का नव्हता ते कळलं नाही."

मग मी स्वयंपाकघरात गेले. जनाबाई चूल सारवत होती.

"जनाबाई, आज वॉर्डात कोणी काम केलं?"

ती उठून उभी राहिली. "बाई, थट्टा करता काय गरिबाची? साडेधा-अकराला आला तुम्ही. मी म्हनलं, लवकर आलात, आबांचं काय झालं? तुम्ही काय बोलला न्हाई. गरम पान्याची बादली उचलली आन् गेला. पाच बादल्या नेल्या. जेवन बी तुम्हीच भरवलं."

"तोंड बघितलं का माझं?"

"बघितलं की. तुमचंच तोंड. कमरंला किल्ल्या वाजत व्हत्या."

गुलाबभाई दारात उभे होते. ते म्हणाले, "जनाबाई, बाई दिवसभर माझ्याबरोबर दौंडला होत्या. आत्ता जीपमधून उतरलो आम्ही." जनाबाईनं आमच्या दोघांकडं बघितलं, आणि खाली बसून पुन्हा चूल सारवायला लागली.

मी परत जाऊन अंबूआजीची पाठ बघितली. जखम धुतलेली, वर नवी पट्टी. चिकटपट्टीची चारही टोकं आतल्या बाजूला दुमडलेली. ही सवय माझी. आमच्या कोर्सच्या सिस्टर ट्यूटरनं शिकवलेली, म्हणजे पट्टी काढताना कातडं ओढलं जात नाही. आश्रमात दुसरं कोणी पट्टी करतच नव्हतं, तर दुमडणार कोण? कपाट उघडून बघितलं. कुलूप जसंच्या तसं. गॉजचा गठ्ठा सकाळी होता तेवढाच. कुशीचं रजिस्टर टेबलावर उघडं होतं, त्या दिवसाचं पान कोरं.

त्या संध्याकाळी मी बसून हिशोब घातला, वेळेचा. एका माणसाचं अंग पुसून, चादर बदलून, कूस बदलून, नखं कापून मला पाऊण तास लागतो. नऊ जणांचे पावणेसात तास. वर भरवणं. वर नऊ चादरी धुणं. वर तो गुंता — तो सोडवायला दोन तास तरी. जनाबाई म्हणते त्याप्रमाणे ती जी कोणी होती ती अकराला आली, आम्ही आलो पाचला. म्हणजे मी जरी तिथं असते, तरी हे एका माणसाचं काम नव्हतं. हे मला सगळ्यात जास्त खटकलं. ती कोण हा प्रश्न नंतर आला.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. आबांची चौकशी करायला आले होते, आणि आया शोधायची गोष्टही निघणार होती. त्यांनी दोन्ही खोल्यांतून चक्कर मारली. सगळ्यांनी सांगितलं, काल बाईंनी फार केलं. अण्णा खूष होऊन बाहेर आले.

"बघा, मनावर घेतलं की एका बाईत होतं."

मी म्हटलं, "अण्णा, काल मी इथं नव्हते. दौंडला होते."

"मग हे कोणी केलं?"

"मला माहीत नाही."

ते म्हणाले, "बाई, दमला आहात तुम्ही. असू दे. पुढच्या आठवड्यात पुण्याहून तपासणीला अधिकारी येणार आहेत. कालचं पान कोरं आहे, तेवढं भरून टाका. काम झालंय, सही नाही, एवढंच ना?"

तीन दिवस मी त्या पानाकडं बघत होते. सही केली असती तर कोणाचं काही बिघडत नव्हतं. माणसं खरंच कोरडी होती, खरंच जेवली होती. पण सही केली की एका बाईत होतं हे कागदावर आलं असतं, आणि पुढं आया मिळाल्या नसत्या. सही नाही केली तर वॉर्ड सोडून गेले म्हणून माझ्यावर आलं असतं. गुलाबभाईंना विचारलं. ते म्हणाले, "मला लिहिता येत न्हाई, बाई. पण मी जर लिहिनार असतो, तर जे मी केलं तेच लिहिलं असतं."

पान कोरं ठेवलं.

अधिकारी आले ते तरुण होते, चष्मा, हातात फाइल. कोऱ्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "हे काय?"

मी सांगितलं, त्या दिवशी साडेआठ ते पाच वॉर्डात कोणी नव्हतं. मी आणि मदतनीस पेशंट घेऊन दौंडला गेलो होतो. एक्स-रेची चिठ्ठी पुढं ठेवली.

उघड्या दारातून अंबूआजीचा आवाज आला. "खोटं बोलतीया ती. हुती की हितंच."

अधिकाऱ्यांनी आत बघितलं, मग माझ्याकडं. अण्णा काहीतरी बोलायला गेले. अधिकाऱ्यांनी चिठ्ठीवरची वेळ आणि सही रजिस्टरातल्या माझ्या सहीशी लावून बघितली. मग शांतपणे लिहिलं की अमुक दिवशी कर्मचाऱ्यांअभावी वॉर्ड विनादेखरेख होता, तातडीनं किमान दोन आया नेमाव्यात. दुसरं काही विचारलं नाही. जाताना मला एवढंच म्हणाले, "असं पुन्हा होऊ देऊ नका." कशाबद्दल म्हणाले ते मी विचारलं नाही.

महिन्याभरात दोघीजणी आल्या. एक तळेगाव ढमढेऱ्याची विधवा, एक शिरूरचीच. नोकरी माझी गेली नाही, अण्णा मात्र माझ्याशी कामापुरतंच बोलू लागले. चारनंतरचा चहा मी पुन्हा सुरू केला. पुढं वर्षभरात वेण्या घालण्याइतके केस वाढले बायकांचे.

हात मोकळे झाले तसं पहिल्यांदाच मला दुपारी तासभर बसायला मिळू लागलं. एका दुपारी मी अंबूआजीच्या खाटेवर बसले. ती आता डोक्याला हात लावू द्यायची, त्याबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. विंचरता विंचरता मी विचारलं, "आजी, त्या दिवशी मी काय केलं, सांगा ना."

"काय केलंस म्हंजी? केस सोडवलेस. आन् बसलीस."

"किती वेळ?"

"लई येळ. येरवी तुझा एक पाय दाराकडं असतो. त्या दिशी बसलीस. मी सगळं सांगितलं तुला."

"काय सांगितलंत?"

ती म्हणाली, "माझं जे हुतं ते. पन्नास वर्सं कुनाला बोलले नव्हते. तू ऐकलंस. रडलीस बी."

"मला पुन्हा सांगा आजी. मी विसरले."

तिनं डावा हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला. "विसरली असशील तर बरंच हाय, पोरी. पुन्हा न्हाई सांगायचं. एकदाच सांगायचं हुतं."

मी नंतरही दोन-तीनदा विचारलं. ती हसायची. दिवाळीच्या आधी ती गेली. दुपारची वेळ होती आणि मी तिच्याजवळ होते. तिचे मुलगे आले नाहीत. निरोप पाठवला होता.

पुढं मी सरकारी नोकरीत गेले, लग्न झालं, तीस वर्षं दवाखान्यांतून काढली. असं परत कधी घडलं नाही, आणि माणसं पुरेशी असलेला वॉर्डही मला फारसा भेटला नाही. गुलाबभाई शिरूरला बाजारात भेटायचे. आम्ही इकडचं तिकडचं बोलायचो. एकदाच मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं. ते म्हणाले, "मला वाटायचं काय? तुम्ही माझ्या शेजारी बसला होता. एवढं मी कुठंही सांगीन."

जनाबाईला भास झाला म्हणावं तर चादरी तारेवर होत्या. कोणी बाई बाहेरून आली म्हणावं तर एकोणीस-वीस माणसांनी माझं तोंड ओळखलं, आणि ती चिकटपट्टीची टोकं कशी दुमडली? मन वॉर्डात गेलं होतं म्हणावं, तर मन पाण्याची बादली उचलत नाही. पन्नास वर्षं झाली, मला यातलं काहीच पटत नाही आणि दुसरं काही सुचतही नाही.

अधिकाऱ्यांसमोर मी ठामपणे म्हणाले होते की मी तिथं नव्हते, आणि ते खरंच होतं. पण अंबूआजीनं शेवटच्या दिवशी हात धरून विचारलं, "त्या दिशी तूच हुतीस न्हवं?" — तेव्हा मी हो म्हणाले.